टपाल नसलेली बीट

परदेशात एका खोलीत दोन माणसं राहिली की महिनाभरात एकमेकांच्या घोरण्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळं कळतं, असा माझा समज होता. माझ्या जोडीदाराबरोबर मी पावणेदोन वर्षं काढली आणि तो कामाला कुठल्या रस्त्याने जातो, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. कळली तेव्हा भर रस्त्यात उभा राहून मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली. ती ऐकायला तो तिथे नव्हता. होते ते त्याचे वडील, तेही फोनवर.

आमच्या इमारतीतले आपल्याकडचे लोक त्याला ‘चालतेबोलते’ म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं. एरवी हा माणूस म्हणजे तोंडाला कुलूप. इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात तो कामाला होता. तापलेल्या रुळांच्या यंत्रात एका बाजूने ओल्या चादरी सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने कडक इस्त्री होऊन बाहेर येतात, त्या घडी घालून गाडीवर रचायच्या. संध्याकाळी घरी आला की जेवायचा, भांडी घासायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. पण सकाळी सहाच्या ठोक्याला बूट घालून, कानात फोनची वायर खोचून तो दारात उभा राहिला की त्याच्या अंगात दुसराच माणूस यायचा. “बाबा, निघालो,” असं म्हणून तो जिना उतरायला लागायचा, आणि खालच्या मजल्यापर्यंत त्याची अखंड बडबड ऐकू यायची.

माझं काम चष्म्याच्या काचा घासण्याचं. दुकान दहाला उघडतं, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे सकाळी सहाला मी पांघरुणात असायचो आणि या बडबडीने माझी झोपमोड व्हायची. मी एकदा वैतागून म्हणालो, “अरे, बसने जात जा की. अर्धा तास जास्त झोपशील, मलाही झोपू देशील.”

“त्या बाजूला बस जात नाही,” तो म्हणाला.

“सात वाजताची पाळी आणि सहाला निघतोस. एवढा लांब कारखाना?”

“आहे जरा,” असं म्हणून त्याने विषय संपवला. मी मनात म्हटलं, चिक्कू आहे लेकाचा, बसचे पैसे वाचवतोय.

त्याचे वडील पोस्टमन होते. चौतीस वर्षं त्यांनी पायी टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून गावाला चक्कर मारल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. मुलगा परदेशी आला आणि चार महिन्यांत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा वाचली, बुद्धी शाबूत राहिली, पण पाय गेले. ज्याच्या पायाला जन्मभर भिंगरी, तो माणूस पलंगाला खिळला. मुलाला लगेच रजा मिळाली नाही, मिळाली तेव्हा पंधरा दिवसांची. ते पंधरा दिवस सोडले तर बापाचं आजारपण त्याने फोनवरच काढलं होतं. हे त्याने मला फक्त एकदा सांगितलं, आणि सांगताना हातातल्या कपाची कड अंगठ्याने घासत राहिला.

इथे सकाळचे सहा म्हणजे तिकडे साडेदहा. पोस्टमन टपाल लावून बीटवर निघतो ती वेळ. बीट म्हणजे पोस्टमनला नेमून दिलेला रोजचा रस्ता. कुठल्या दारापासून सुरुवात, कुठे वळायचं, शेवट कुठे, सगळं ठरलेलं. आजारपणानंतर म्हातारा साडेदहा वाजले की कासावीस व्हायचा, काकूंवर, म्हणजे माझ्या जोडीदाराच्या आईवर, चिडायचा, ताट ढकलून द्यायचा. एके दिवशी मुलाने कामाला जाता जाता सहज फोन लावला आणि रस्त्यात काय दिसतंय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, “कालच्या त्या लाल पेटीच्या घराच्या आधी किती घरं आहेत?” तिसऱ्या दिवसापासून परक्या देशातल्या त्या रस्त्याचा ताबा त्यांनी घेतला.

रोज सव्वादहाला काकू त्यांना तीन उशा लावून बसवायच्या, चष्मा द्यायच्या, शर्ट चढवायच्या. बनियनवर कुणी बीटला जातं का, असं त्यांचं म्हणणं. मग तासभर बाप-लेक चालायचे. मी पांघरुणातून किंवा जिन्यातून ऐकलेले तुकडे असे असायचे.

“पिवळ्या दारासमोर पार्सल पडलंय, बाबा. कालपासून तसंच.”

“कालपासून? म्हणजे माणसं बाहेरगावी गेलीत. शेजारी द्यायला नको का? तुमच्याकडचा पोस्टमन आंधळा आहे की काय?”

चालण्याचेही त्यांचे नियम होते. फाटक उघडण्याआधी कडी वाजवायची, कुत्रं असेल तर कळतं. चढाला पावलं छोटी टाकायची. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे रस्ता ओलांडताना बोलायचं नाही. त्यांच्या पोस्टातला एकजण गप्पा मारत रस्ता ओलांडताना मोटारसायकलखाली आला होता. त्यामुळे चढ संपल्यावर जो मोठा चौक लागतो तिथे बाप-लेक दोघेही गप्प व्हायचे आणि पलीकडे पोहोचल्यावर बाबा म्हणायचे, “हं, बोल आता.”

मला या सगळ्याचं हसू यायचं. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटायचा. माझ्या घरून फोन आला की “जेवलास का” आणि “तब्येत कशी” यापलीकडे आमची गाडी जायची नाही.

मग तो अपघात झाला. ओल्या चादरींनी भरलेली लोखंडी गाडी उतारावरून सुटली आणि याच्या डाव्या पायावरून गेली. दोन हाडं मोडली. कारखान्याच्याच गाडीने त्याला घरी आणून सोडलं, पायाला प्लॅस्टर, महिनाभर सक्तीची विश्रांती. मला वाटलं, आता तरी सकाळची झोप मिळेल. दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली ती “बाबा, निघालो”ने.

डोळे चोळत बघितलं तर स्वारी पलंगावर, पाय उशीवर, कानात वायर. मी तोंड उघडणार, तोच त्याने हात जोडले.

नंतर म्हणाला, “त्यांना कळलं तर जिवाला घोर लागेल. पलंगावरचा माणूस, दुसऱ्याची काळजी करण्यापलीकडे काय करणार? महिन्याचा तर प्रश्न आहे. रस्ता मला पाठ आहे.”

मी त्याला वेड्यात काढलं आणि मग त्याच वेडात सामील झालो. रस्त्याचे आवाज यावेत म्हणून मी सकाळी सहाला खिडकी सताड उघडून गारठत उभा राहायचो. चढ आला की हा पलंगावर पडल्या पडल्या धापा टाकायचा. इतक्या मनापासून टाकायचा की मला हसू आवरायचं नाही आणि मी तोंडात टॉवेल कोंबायचो. लाल पेटी आली, कुत्रं भुंकलं नाही, पिवळं दार बंद आहे, पुलावर वारा फार आहे. पाच दिवस हे नाटक चाललं. सहाव्या दिवशीही तो अखंड बोलतच चौक ओलांडून पलीकडे गेला. मग बाबांचा आवाज आला. कानातली वायर काढून त्याने फोन उशीवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

“थांब. तू कुठे आहेस?”

“चौक ओलांडला की, बाबा.”

“सहा दिवस तू बोलत बोलत चौक ओलांडतोयस. पहिल्या दिवशी वाटलं, विसरला. दुसऱ्या दिवशी वाटलं, रहदारी नसेल. आज मी मुद्दाम गप्प बसलो, तरी तू बोलतच होतास. तू रस्त्यावर नाहीस.”

याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. पाय, गाडी, प्लॅस्टर, सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हातारा रडेल, काळजी करेल. तो म्हणाला, “पाय मोडला याचं वाईट वाटतंय मला. पण आमच्यात एक जात असते, चहाच्या टपरीवर बसून ‘घर बंद’ असा शेरा मारणारी. दारापर्यंत जायचंच नाही आणि कागदावर लिहायचं की जाऊन आलो. चौतीस वर्षांत मी तसा एकही शेरा मारला नाही. आणि माझ्याच घरात...” फोन बंद झाला.

त्यानंतर त्यांनी फोन घेतला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या नंबरवर फोन केला, कारण मुलाशी बोलताना त्यांना रडू फुटत होतं. “ते बसतच नाहीत रे,” त्या म्हणाल्या. “उशा लावू देत नाहीत, शर्ट घालू देत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टर म्हणाले, असे पडून राहिले तर छातीत कफ भरेल, मग आपल्या हातात काही राहणार नाही. त्या तासभर बसण्यावरच सगळं चाललं होतं.”

इकडे हा जेवेना. कुबडी घेऊन चालायला निघाला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवरून परत आला, घामाने डबडबून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोघांचाही राग आला. एकाला बापाला फसवल्याचं दुःख, दुसऱ्याला मुलगा टपरीवर बसल्याचं दुःख, आणि दोघेही भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बूट घातले. मी, ज्याला कोपऱ्यावरून दूध आणायचं जिवावर येतं. काकूंना फोन लावून म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा, ते बोलले नाहीत तरी चालेल.

“काका,” मी म्हणालो, “तुमच्या पोस्टात पोस्टमन आजारी पडला तर टपाल कोण वाटायचं?”

मग आवाज आला, “बदली माणूस.”

“मग मी बदली माणूस. दारात उभा आहे.”

“तुला बीट माहीत आहे?”

“नाही.”

“मग तोंड बंद ठेव आणि मी सांगतो तसा चाल. आणि अगं, मला जरा उठव.” शेवटचं वाक्य काकूंना होतं. उशा लावल्याचा, पलंग करकरल्याचा आवाज आला. काकूंनी नाक ओढलेलं मला ऐकू आलं.

आणि मग ज्या माणसाने हा देश कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याने हजारो मैलांवरच्या पलंगावरून मला माझ्याच वस्तीत रस्ता दाखवला. फाटकातून बाहेर पडून डावीकडे. अकरा घरं सोड. लाल पेटी दिसली? तिथे कुत्रं आहे, कडेने जा. आता उजवीकडे बारीक गल्ली. दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढी आहे ना? एकही खूण चुकली नाही. कालव्यावरचा पूल आला, पलीकडे चढ आला, माझ्या नाकी नऊ आले. “पावलं छोटी टाक,” म्हातारा म्हणाला, “शर्यत नाही लागलेली.” चौकात आम्ही दोघे गप्प झालो. चौकापलीकडे एक बाग, बागेला वळसा, मग उतार, तिथे जुन्या छोट्या घरांच्या दोन ओळी. पिवळ्या दारासमोर एक बाई पायरी पुसत होती. मी तसं सांगितलं.

“निळा स्वेटर?”

“हो.”

“तीच. बरी आहे म्हणायची. खोकत होती मागच्या महिन्यात.”

उतार संपला, आणखी एक पूल लागला. तो ओलांडून मी वळलो आणि समोर धुराडं असलेली लांबलचक इमारत दिसली. चादरींचा कारखाना. चालून चालून माझे पाय बोलायला लागले होते. आता एवढं अंतर परत जायचं या विचाराने मी आजूबाजूला पाहिलं, आणि कारखान्याच्या उजव्या हाताला, एका गोदामाच्या भिंतीच्या टोकाशी, मला आमची इमारत दिसली. मागची बाजू. चौथ्या मजल्यावरच्या दोरीवर माझ्या स्वतःच्या लाल टॉवेलाचा ठिपका दिसत होता.

आमच्या मागच्या फाटकापासून कारखान्यापर्यंत सरळ रस्ता होता. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण. चालत बारा मिनिटं, फार तर पंधरा. तिथेच मी ती शिवी हासडली.

“रस्त्यात तोंड सांभाळावं,” काका म्हणाले.

“काका, तुम्हाला सांगायला नको, पण तुमचा मुलगा...” मी अडखळलो. सांगावं की नाही कळेना.

“फेरा मारतो,” ते म्हणाले. “ठाऊक आहे मला.”

“केव्हापासून?”

“पहिल्याच आठवड्यात कळलं. जाताना एक कालवा ओलांडतो, पुढे जाऊन तोच कालवा पुन्हा ओलांडतो. एकच कालवा दोनदा ओलांडला की माणूस निघाला त्याच काठावर येतो. एवढं न कळायला मी काय पेन्शन कार्यालयात होतो?” मग म्हणाले, “सरळ रस्त्याला घरं नसणार. दारंच नाहीत तर पोस्टमनला काय सांगायचं, म्हणून घरांमधून जातो. खरं ना?”

“भिंत आहे नुसती,” मी म्हणालो.

“मी पडल्यापासून सगळे मला काही ना काही देतात. औषध देतात, पाणी देतात, कूस बदलून देतात. त्याने मला बीट दिली. बिनटपालाची का असेना. म्हणून तर त्या दिवशी एवढं लागलं. पाय मोडला तर मोडला, सांगायचं. रजा सगळ्यांना असते.”

मी विचारलं, “त्याला सांगू का, की तुम्हाला ठाऊक आहे?”

“अजिबात नाही. ते माझं मी बघतो. त्याला सांग, रजेचा अर्ज कर.”

मी धडपडत त्या सरळ रस्त्याने बारा मिनिटांत घरी आलो आणि जोडीदारापुढे फोन धरला. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला रडायचं होतं, पण बाबांनी आधी अर्ज मागितला. मग हा चाळिशीचा बाप्या प्लॅस्टरमधला पाय सावरत ताठ बसला आणि शाळेतल्यासारखा म्हणाला, “डाव्या पायास दुखापत झाल्याने मला एक महिना रजा मिळावी, ही विनंती. आणि आधी खोटं सांगितलं त्याबद्दल माफी असावी.”

“मंजूर,” बाबा म्हणाले. “बदली माणूस बरा आहे. धापा फार टाकतो.”

तीन आठवडे मी ती बीट चाललो. माझा पट्टा एक भोक आत गेला. पिवळ्या दाराची बाई मला हात करायला लागली, आणि काका मला अरे गाढवा म्हणायला लागले, जे त्यांच्या घरात फक्त मुलाला म्हणतात असं काकूंनी सांगितलं. ते रोज बसत होते, शर्ट घालत होते, जेवत होते. फेऱ्याबद्दल मी जोडीदाराला चकार शब्द बोललो नाही. पण तो भांडी घासायला उठला की मीच त्याच्या हातातून भांडी काढून घ्यायचो आणि तो माझ्याकडे संशयाने बघायचा.

प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण चालणं बेताचं, असं बजावलं. पहिल्या दिवशी डबा आणि काठी दोन्ही सांभाळता येईना, म्हणून मी बरोबर निघालो. फोन त्याने शर्टाच्या खिशात ठेवून मोठ्याने लावला. फाटकाशी येऊन तो डावीकडे वळला, लाल पेटीच्या रस्त्याला.

“बाबा, निघालो. वेळ लागेल आज जरा.”

“मागच्या फाटकाने जा,” बाबा म्हणाले. “सरळ रस्त्याने.”

तो जागच्या जागी थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगितलं की मी काही बोललेलो नाही. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दीड वर्षं रोज तासभर तो ज्यांना फिरवत होता, त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. काठीची मूठ त्याने दोन्ही हातांनी धरली.

“त्या रस्त्याला घरं नाहीत, बाबा,” तो कसाबसा म्हणाला. “भिंत आहे नुसती. तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नाही.”

“मग तुझं सांग,” बाबा म्हणाले. “दीड वर्षात दुनियेची दारं दाखवलीस, तू कसा आहेस ते एकदाही सांगितलं नाहीस.”

तो मागच्या फाटकाकडे वळला. मग भिंत सुरू झाली, आणि काठी टेकत टेकत तो बोलायला लागला. मी डबा घेऊन दहा पावलं मागे राहिलो.